सरावलीच्या भिंतीवरचा कडा

भादव्याच्या अखेरीला पाऊस निघालेल्या पाहुण्यासारखा वागतो. पिशवी उचलतो, चपला घालतो, आणि मग उंबऱ्याबाहेर उभा राहून आणखी तासभर बोलत राहतो. धड गेलाही म्हणता येत नाही आणि आहेही म्हणता येत नाही. या दिवसांत आमच्या बोईसरला पापड वाळत नाहीत, मोजे वाळत नाहीत, आणि यंदा त्यात भर म्हणजे मुक्ताची चित्रं वाळत नाहीत.

मुक्ता माझी नात. आठवीत आहे. चित्रकलेची परीक्षा तोंडावर आलीय, म्हणून पाचव्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीत तिचा संसार पसरलेला असतो. रंगाच्या ट्यूबा, कपाकपातून गढूळ पाणी, मांडीवर बोर्ड. सरांनी सरावाला विषय दिलाय, डोंगराचा कडा आणि त्याच्या पायथ्याशी इमारती. ती आधी आभाळाचा पातळ हात देते. मग वाट बघते. मग लांबच्या डोंगराचा फिका थर. पुन्हा वाट बघते, फुंकर घालते, कागद पंख्याखाली धरते. परवा मी शेजारी भेंडी चिरत बसले होते, मला काही राहवेना. म्हटलं, "दे की आता कड्याला जांभळा."

"आजी, खालचा थर वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नसतो. रंग फुटतो. तुला नाही कळायचं."

आतून, पेपराच्या मागून, तिच्या आजोबांचा खोकला ऐकू आला. त्या माणसाला मी पुरती ओळखते. तो खोकला नव्हता.

मला नाही कळायचं! बाई गं, तुझ्या आजीने जन्मात एकच चित्र काढलं, पण ते अख्ख्या भिंतीएवढं, आणि अशा रंगांनी की जे कुठल्या दुकानात मागितले तर दुकानदार तोंडाकडे बघत राहील. त्यातला एकही थर वाळला नव्हता. आणि त्या ओल्या चित्रावर आमच्या घराने बोईसरात राहायचं की गाशा गुंडाळायचा, हे ठरायचं होतं.

तिला मी यातलं काही बोलले नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरांपुढे वाईट उदाहरणं ठेवू नयेत. तुम्हाला सांगते.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तेव्हाची जी मी होते, तिला 'मी' म्हणायलाही आता जरा लाज वाटते. इतकी दीडशहाणी पोर की आज सून म्हणून माझ्या घरात आली असती, तर दोन दिवसांत चहा पाजून तिला परत माहेरच्या गाडीत बसवली असती. तारापूरच्या पलीकडे, समुद्राकाठी आमची वाडी. चिकू, केळी, पानवेली आणि कुंपणाला लागून मोगरा. मंगलोरी कौलांची बैठी घरं. गावात उंच म्हणावं असं काही असेल तर ते माड. त्यामुळे 'बिल्डिंग' हा शब्द माझ्या जिभेवर आइसफ्रूटसारखा विरघळायचा. स्थळ आलं आणि मुलगा बोईसरला कंपनीत आहे असं कळलं, तेव्हा तो काळा की गोरा हे विचारायच्या आधी मी आईला विचारलं होतं, "कितव्या माळ्यावर र्‍हातो गो तो?" मैत्रिणींना तर सांगूनही टाकलं होतं, तुमी खालून हाक मारा, मी वरून दोरीला बांधून टोपली सोडीन.

लग्न होऊन आले ती सरावलीच्या पत्र्याच्या चाळीत. एका ओळीत खोल्या, सगळ्यांत मिळून एक नळ, आणि दार उघडलं की समोर गोदामाची लांबच लांब भिंत. टोपली सोडायचीच तर ओट्यावरून थेट गटारात सोडावी लागली असती.

पण खोटं कशाला बोलू, महिनाभरात मी बोईसरवर भाळले. भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरायचा. शिफ्टच्या बसा धुरळा उडवत यायच्या, रिक्षावाले एकमेकांच्या आईबहिणींची चौकशी करत उभे असायचे, स्टेशनाकडच्या बाजारात बांगड्या, भजी आणि कटपीस एकाच बाकड्यावर. शेजारच्या खोलीत रामकली भाभी, गंगेकाठच्या कुठल्याशा गावची. तिचं हिंदी मला कळायचं नाही आणि माझं मराठी तिला. दोघी मिळून दिवसभर बोलायचो. वाडीतल्या शांततेचा मला किती कंटाळा आला होता, हे मला इथल्या गोंगाटात आल्यावर कळलं.

आमचे हे रंगाच्या कंपनीत होते. भिंतीचा रंग नव्हे, कापडाला चढवायचा. आठवडाभर लाल चालायचा, मग मागणी येईल तसा पिवळा, मग निळा. माणूस घरी यायचा तो रोज धुळवड खेळून आल्यासारखा. कानाच्या पाळ्या गुलाबी, नखं हळदीची, आणि घाम आला की उशीवर गालाचा छाप. आम्ही बायका नळावर एकमेकींच्या नवऱ्यांचे हात बघूनच सांगायचो, कोण कुठल्या प्लँटला आहे ते.

यांची डांगरी, म्हणजे कामावरचे कपडे, मी बालदीत भिजत घातली की पाणी असं रंगायचं की पाहत राहावं. ते पाणी गटारात ओतताना माझ्या जिवावर यायचं. तुम्ही हसाल, पण वाडीतल्या मुलीला पाणी फुकट सोडायची सवयच नसते. आमच्याकडे तोंड धुतलेलं पाणीसुद्धा केळीच्या आळ्यात जातं. इथे केळ नव्हती. म्हणून मी ते रंगीत पाणी घेऊन दारात उभी राहायची, शेजारी प्रसाद वाटायला निघाल्यासारखी.

सासरे जाऊन तेव्हा वर्षही भरलं नव्हतं. घरातलं माणूस गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं, म्हणून तर आमचं घाईने झालं होतं. सासूबाई मनोरकडच्या गावात, डोंगराच्या अगदी पायथ्याशी, एकट्या. पावसावर पिकणारी भाताची थोडी खाचरं आणि एक म्हातारा बैल. हे एकुलते एक. एका रविवारी यांनी मला समोर बसवलं आणि आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य बोलले.

"आई इथे आपल्यात रुजली तर राहू, नाही रुजली तर दिवाळीनंतर मी नोकरी सोडतो आणि आपण गावी जाऊ, तिला तिथे एकटी ठेवून मला इथे घास उतरत नाही."

मी आदर्श पत्नीसारखी मान हलवली. मनात मात्र हिशेब मांडला. गावी म्हणजे ना भोंगा, ना भाभी, ना बाजार. आणि बिल्डिंग? ती तर या जन्मात विसरायची.

लावणीला आम्ही गेलो तेव्हा यांनी आईपुढे विषय काढला. सासूबाईंनी गुडघ्यापर्यंतचा चिखल धुता धुता उत्तर दिलं. "तुज्या खोलीत काय हाय रे? सकालची उठून तोंड कुनीकडं करू? गोदामाच्या भितीकडं? हितं बघ, डोळं उघडलं का कडा हाय." पण लावणी झालेली आणि कापणी लांब, असे मधले दिवस रिकामेच असतात. शेवटी म्हणाल्या, "निंदनी उरकली का येते, कापनीपर्यंत. तेवढंच. मंग मला आनून सोड."

परतताना चिल्हार फाट्याला एसटीची वाट बघत असताना त्या दीडशहाण्या पोरीच्या डोक्यात उजेड पडला. म्हातारीला कडा पाहिजे ना? मग कडा सरावलीला आणू. प्रेमबीम काही नव्हतं हो त्यात. शुद्ध डाव होता.

दुसऱ्याच दिवसापासून मी डांगरीचं पाणी आटवायला घेतलं. स्टोवर, जुन्या पातेल्यात, बासुंदी आटवावी तसं ढवळत. पहिल्या दिवशी हे भुकेले घरी आले आणि झाकण उचलून बघत राहिले.

"हे काय केलंयस?"

"डोंगर."

झाकण परत ठेवत म्हणाले, "आणि जेवायला?"

माहेराहून आणलेल्या करवंट्यांत मी रंग साठवले. चुना मारायचा कुंचा मोठ्या कामाला, खजुरीची काडी ठेचून बारीक कामाला. पलंगासमोरची भिंत चुन्याने पांढरी केली. घरमालक मुंबईला राहायचा, त्याने ती भिंत बांधल्यापासून पाहिली नसावी. आता राहिला कडा. तो मी एकदाच पाहिलेला, लग्नाच्या दिवशी, तोही मुंडावळ्यांच्या आडून; लावणीला गेलो तेव्हा सगळा ढगात बुडालेला. म्हणून यांना विचारलं, "कडा कसा आहे हो तुमचा?"

"उंच आहे."

"आणि?"

"काळा."

"आणि?"

यांनी खूप विचार केला. "पावसात त्यावरून पाणी पडतं."

एवढ्या भांडवलावर मी कामाला लागले.

मुक्ता शिकते ते बरोबर आहे. फिक्यापासून गडदाकडे जायचं, लांबून जवळ यायचं. माझा क्रम मात्र कंपनीच्या हातात होता. त्या आठवड्यात लाल चालू होता, म्हणून मी आधी लाल आभाळ केलं. मग पिवळा आला, तेव्हा काय पिवळं करावं सुचेना, म्हणून बिल्डिंगा केल्या. खरं म्हणजे सुचेना वगैरे काही नाही, पिवळा येईपर्यंत माझे हात बिल्डिंगसाठीच शिवशिवत होते. डोंगरात बिल्डिंग नसते हे मलाही कळत होतं. पण म्हटलं, म्हातारीला कडा, मला बिल्डिंग, दोघी खूश. त्यातही मी आधी खिडक्या काढल्या, कारण बिल्डिंगीत मला सगळ्यात आवडायच्या त्या खिडक्याच. मग त्यांच्याभोवती बिल्डिंग बसवायला गेले तर ती पुरली नाही. दोन खिडक्या आभाळातच राहिल्या.

मग निळ्याची वाट. यांना रोज दारातच विचारायची, "निळा कधी?" हे म्हणायचे, "अगं, मालाची ऑर्डर यायला लागते, तुझ्या डोंगरासाठी कंपनी चालत नाही." शेवटी निळा आला आणि मी अधाशासारखा तो कड्याला फासला, खालचं लाल ओलं आहे की सुकं हे न बघता. आता जो रंग कापडात मुरायलाच जन्माला आलाय, तो वर एक थर चढवला म्हणून खाली गुमान थोडाच बसतो? लाल निळ्यातून वर आला, पिवळ्यातून वर आला. कडा जांभळा झाला, बिल्डिंगा डाळिंबी झाल्या, आणि पाऊस चढला की सगळी भिंत लाजल्यासारखी गुलाबी व्हायची. रामकली भाभीने दारातून पाहिलं आणि काळजीने विचारलं, "पहाड़ को बुखार है का?"

अशा तापलेल्या कड्यासमोर सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर गाठोडं, त्यात शिराळी आणि हातभर लांब काकड्या. त्यांनी भिंत पाहिली. पाणी प्यायल्या. मग भिंतीकडे पाठ करून बसल्या. दुसऱ्या दिवशीही पाठ करूनच बसल्या. काकडी कापली, तांदूळ निवडले, झोपताना कूस बदलली, पण भिंतीबद्दल अवाक्षर नाही. मी आतल्या आत उकळत होते. मेहनत मी केली आणि ही बाई दाराकडे तोंड करून बसते?

तिसऱ्या दिवशी मी सरळ विचारलं. "आई, कडा बघितलात?"

"कोनता?"

"हा. तुमचाच आहे."

त्या वळल्या. निरखून पाहिलं. मग त्यांच्या खांद्यांना धक्के बसायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होत्या. ठसका लागेपर्यंत हसल्या, पदर तोंडात कोंबून हसल्या. "गो, हा आमचा कडा? ही म्हस हाय, म्हस! बसलेली! हे बघ तिचं तोंड, ही शेपटी!" आणि त्यांनी दाखवल्यावर मलाही ती दिसली. पुढे ती चाळ होती तोवर मला त्या भिंतीवर पहिल्यांदा म्हैसच दिसत राहिली.

त्या दिवसापासून त्यांनी पुन्हा भिंतीकडे पाठ केली नाही. रोज सकाळी चहाबरोबर एक चूक. कड्याला वरती नाक हाय, ते कुठं हाय? हितं उंबर पायजे. पानी हितून नाय पडत, तितून पडतं. मी म्हणायची, "आई, तुमच्या मुलाने तर एवढंच सांगितलं, उंच आणि काळा." त्या म्हणायच्या, "त्याचा बापूस पन असाच. त्याला इचारलं ना, लगीन झालं तेव्हा बायको कशी दिसत होती, तर सांगायचा, हिरवं लुगडं होतं." हळूहळू डांगरी धुण्याचं काम त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. हे कामावरून आले की इतर आया विचारतात दमलास का, जेवलास का, आमच्याकडे म्हातारी दारात उभी, "आज कोनता रंग?" हिरवा म्हणून कंपनीत चालेचना, तेव्हा पिवळ्यावर निळा देऊन दोघींनी तो घरी काढला. तो उंबराला लागला. झाड बरं जमलं, फक्त कड्याएवढं उंच झालं.

खालचा रंग वर येऊ नये म्हणून एक युक्तीही त्यांनीच काढली. कापडाला खळ देतात ना, तशी भाताच्या पेजेची खळ भिंतीला द्यायची, आणि मग वरचा थर. दिली. रंग खरोखर थांबला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून अशा हसलो की जणू कंपनी आम्हीच चालवतो. दुसऱ्या आठवड्यात पेज खायला आधी मुंग्या आल्या, मग झुरळं. त्यांनी कड्याचं नाक खाल्लं. चाळीतल्या सगळ्या बायका कडा पाहायला आल्या, आणि बाहेर जाऊन त्या काय बोलल्या ते मी लिहीत नाही.

भाभी मात्र कोपरा मागायला आली. "अम्माजी, तनिक हमरा गाँव भी बना दो. बस एक ठो नाव." सासूबाईंना नाव म्हणजे होडी हे मी समजावून सांगितलं. त्यांनी होडी कधी पाहिली नव्हती, पण जागा दिली. होडी आली म्हणजे पाणी आलं, पाणी आलं म्हणजे मी लगेच माझा समुद्र घुसवला, काठाला सुरूची झाडं लावली. मनोरचा कडा, बोईसरची बिल्डिंग, तारापूरचा समुद्र आणि त्यात भाभीची गंगेतली होडी. भूगोलाच्या बाईंनी पाहिलं असतं तर मला परत चौथीत बसवलं असतं.

सगळं असं गोडीत चाललं होतं असं मात्र नाही. भांडण बिल्डिंगवरून झालं. "आमच्या कड्याखाली ह्या माड्या कोनी बांधल्या? पूस." मी म्हटलं, नाही पुसणार. "सोभतात काय तितं?" मी म्हटलं, मला शोभतात. नळावर जाऊन येते तो त्यांनी ओल्या फडक्याने एक मजला पुसलेला. माझा तिसरा माळा! मी रडले. बाई, काय रडले! पत्र्याच्या खोलीत राहणारी, बिल्डिंगचा जिना कधी न चढलेली ती पोरगी भिंतीवरच्या तिसऱ्या माळ्यासाठी उशीत तोंड खुपसून रडली, आणि तेही यांच्या रंगलेल्या उशीत, त्यामुळे गाल गुलाबी घेऊन उठली. दोन-तीन दिवस आम्ही दोघी यांच्यामार्फत बोललो. "आईला सांगा, भात उतरलाय." "तिला सांग, मिठाचं बघ."

मग एका दुपारी मी डोळा लागून उठले तर सासूबाई भिंतीला नाक लावून उभ्या. रॉकेलच्या चिमणीची काजळी बोटावर घेऊन माझ्या खिडक्यांतून ठिपके देत होत्या. एका खिडकीत एक, एकीत दोन. मला जाग आल्याचं कळलं तरी वळल्या नाहीत.

"माड्या बांधल्यास, मानसं कुठं हायेत? वोस पडल्यासारखी दिसते. ही बघ, ही केस इंचरते. हिची सासू हितं, वरती, तिला जिना चडवत नाय म्हनून कुरकुर करते."

"आणि आभाळातल्या खिडकीत?"

त्या तिथे बोट नेऊन थांबल्या. एक ठिपका दिला. "तिकडं तुजा सासरा."

मग मी पहिल्यांदाच डाव वगैरे विसरून विचारलं, "आई, तिथली आठवण येते ना? कड्याची?"

"कड्याची?" त्यांना नवल वाटलं. "तितं कडा पाटीशी असतो गो. लावनीला वाकलेली, निंदनीला वाकलेली, कापनीला वाकलेली. बगतो कोन त्याला? मी तर हितं बसून बगते, जल्मात पयल्यांदा."

आमच्या आताच्या गॅलरीतून, आभाळ धुतलेलं असलं तर, पूर्वेला ते डोंगर दिसतात. आधी फिका, त्यामागे त्याहून फिका, थरावर थर, मुक्ता काढते तसे नेटके. ती चाळ गेली, तिच्या जागी खरीखुरी बिल्डिंग उभी आहे, आणि त्यात कुणी वरून टोपली सोडत नाही. मुक्ता थर वाळायची वाट बघत असते तेव्हा मी तिच्याकडे बघते आणि वाटतं, पोरीचं बरोबर आहे, चित्राला थांबता येतं. आमच्या घराला कुठे थांबता आलं? सासऱ्यांचं जाणं ओलं होतं तोवर त्यावर आमचं लग्न चढवलं. लग्न ओलं होतं तोवर त्यावर म्हातारीचं येणं. मग फुटतोच रंग. खालचा वर येतो. काजळीचा ठिपका होऊन आभाळातल्या खिडकीत बसतो. तेव्हा मला हे काही कळत नव्हतं. मला फक्त माझा तिसरा माळा परत हवा होता. तो त्यांनी पुढच्या पिवळ्यात बांधून दिला, वर दम देऊन, "आता चवथा नाय हां."

आणि मग कापणी आली. एके सकाळी सासूबाई उठल्या त्या गाठोडं बांधूनच. वारा बदलला होता. बोईसरच्या धुरातही त्यांना पिकल्या भाताचा वास आला म्हणे. हे म्हणाले, मी सोडायला येतो, रजा टाकतो. "नको, एसटी माज्या वळखीची हाय."

"आणि परत?" यांनी विचारलं.

"आले, राह्यले. आता बस झालं ना." भिंतीकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "झुरळांचं बग." आणि गेल्या.

डाव फसला होता. यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, त्याचाच जास्त राग आला. दिवाळी झाली. गावाकडून येणाऱ्याने सांगितलं की झोडणी उरकली, म्हातारी बरी आहे, ओटीवर बसलेली असते. परत येण्याचं काही बोलली का? नाही. हे म्हणाले, येत्या सोमवारी साहेबाच्या कानावर घालतो. मी भांडी गोणीत भरायला काढली. खोटं सांगत नाही, एकेक भांडं आपटून भरलं, तवा तर दोनदा आपटला. रामकली भाभी दाराच्या चौकटीला टेकून नुसती बघत होती. "जाओगी तो हमार नाव का क्या होगा?" असं काहीतरी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला, म्हणून मी आणखी जोरात आपटलं.

शनिवारी भर दुपारी दारात सावली पडली. सासूबाई. डोक्यावर नव्या तांदळाचं गाठोडं, पायांवर बोईसर स्टँडपासूनची धूळ, कारण रिक्षात बसायला त्या घाबरायच्या. मी उठायच्या आत त्यांनी गाठोडं खाली टेकवलं, गोणीला वळसा घालून सरळ भिंतीपाशी गेल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पाणी मागितलं नाही, काही नाही. मला धीर धरवेना.

"आई, गावी कडा बघितलात?"

"बगितला. ओटीवर बसून चांगला बगितला. रोज बगितला." त्यांनी बोटाने भिंतीवरचा एक पोपडा काढला, चिमटीत चुरडला. "पुरा झालेला हाय गो तो. तितं माजं काय काम?"

मग त्यांचं लक्ष गोणीकडे गेलं. तोंडाला दोरी बांधलेली, बाजूने पळीचा दांडा बाहेर आलेला. गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं असणार; म्हातारी काही माझ्यासारखी बावळट नव्हती. पलंगावर बसली, पाय वर घेतले, आणि म्हणाली, भूक लागलीय.

मी दोरीची गाठ सोडायला बसले. इतकी घट्ट मारली होती मीच मेलीने, की शेवटी दातांनी सोडवावी लागली.